उलटेमास्तरांचं सरळ उत्तर

मास्तर पडले ते कोटापायी. नाहीतर चार लोक पडतात तसे तेही दोन्ही हात टेकून पडले असते, नुसतं मनगट मोडून घेतलं असतं आणि महिनाभर गळ्यात झोळी अडकवून गल्लीभर मिरवले असते. पण यांच्या एका हातात स्कूटरचं हँडल, दुसऱ्या हातात इस्त्री करून आणलेला, हँगरला लावलेला वकीलसाहेबांचा काळा कोट, आणि डोक्यात एकच घोर, की कोटाला डाग लागता कामा नये. गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकलं. स्कूटर जागच्या जागी थांबली, मास्तर काही थांबले नाहीत. कोटाचा हात त्यांनी जो वर धरला तो शेवटपर्यंत वरच ठेवला, आणि फुटपाथच्या कडेवर डोकं आपटलं. कोटाला साधी सुरकुती पडली नाही. धन्य ते मास्तर आणि धन्य तो कोट!

फळवाल्याने त्यांना धरून दुकानात आणलं तेव्हा मास्तरीणबाई मशीनवर पँटची चेन बदलत होत्या. दारात मास्तर उभे, हनुवटीवरून रक्त गळतंय, गुडघ्यावर पँट फाटलेली, डावं मनगट बघता बघता सुजत चाललेलं, कानामागे हे एवढं टेंगूळ. मास्तरीणबाई चेन तशीच टाकून उठल्या. आणि हे गृहस्थ म्हणतात कसे, "सरकार, कोट आला. माणूस मागून येतोय."

आता या माणसाला काय म्हणावं? गल्ली म्हणायची उलटेमास्तर. कपडे दुरुस्तीच्या त्या एवढ्याशा दुकानात बसून त्यांनी आयुष्यात कुणाला सरळ उत्तर दिलं नव्हतं. शर्ट झाला का विचारलं, तर "झाला होता, पण तुमची वाट बघून पळून गेला." कसे आहात विचारलं, तर "परवाच वारलो, तुम्हाला कळवलं नाही का कुणी?" आणि आज वार कोणता असं कुणी चुकून विचारलंच, तर ठरलेलं उत्तर, "फेब्रुवारी." हे सगळं गंभीर चेहऱ्याने, तोंडात टाचण्या धरून. फक्त उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकायचं, ते ज्याला दिसलं त्याला दिसलं.

मास्तरीणबाईंना ते लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून दिसत होतं, आणि तेव्हापासून त्यांचं एकच उत्तर होतं, "पुरे हो!" त्यांनी स्वतः कधी थट्टा केली नाही. दोघांनीही थट्टा करत बसायचं तर टिपा कोण घालणार?

स्कूटर लेकीने घेऊन दिली होती, बाबांचे पाय दुखतात म्हणून. उभ्याने चालवायची ती विजेची स्कूटर: मध्ये एक फळी, खाली दोन बारकी चाकं, पुढे दांडा. सोबत हेल्मेटही होतं. ते कापायच्या टेबलाखाली उपडं पडायचं, म्हणून एक दिवस मास्तरीणबाईंनीच उलथं करून त्यात सुट्ट्या गुंड्या भरून ठेवल्या. अगदी मापाचं भांडं मिळालं म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "बरोबर आहे. माझ्या डोक्यापेक्षा गुंड्यांना जास्त भाव आहे." पडले त्या दिवशी दवाखान्यात जाताना रिक्षात मास्तरांच्या हनुवटीला रुमाल दाबून धरलेल्या मास्तरीणबाईंना हे वाक्य आठवलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. डोळ्यांवर झोप उतरलेली, पण हात भराभर चालणारे. त्यांनी हनुवटीला टाके घातले, मनगटाचा फोटो काढून प्लास्टर केलं, आणि काम करता करता बोलत राहिल्या.

"या स्कूटरवरून पडलेले रोज येतात हो माझ्याकडे. मनगट, कोपर, खांद्याचं हाड. हनुवटी फाटते, पुढचे दात पडतात, घोटा मुरगळतो. पडताना माणूस हात पुढे टाकतो, आणि ते बरंच असतं. हात मोडला तर जोडता येतो. तुम्ही दुसरा हात टाकलाच नाहीत?"

"हात रिकामा नव्हता," मास्तर म्हणाले.

"बरं. आता मी विचारते त्याची उत्तरं द्या. नाव काय तुमचं?"

"ते घरी राहिलं. गडबडीत निघालो."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "आज वार कोणता?"

"फेब्रुवारी."

डॉक्टरबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो डॉक्टर, ते तसलेच आहेत! पडायच्या आधीपासून तसलेच आहेत! अहो, आज तरी नीट बोला ना, दवाखाना आहे हा!"

"बरं, उद्यापासून नीट बोलतो," मास्तर म्हणाले, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात चमकलं.

डॉक्टरबाईंना हसू आलं, पण डोक्याचा फोटो त्यांनी काढायला लावलाच. तो स्वच्छ आला. मास्तरीणबाईंनी हात जोडले. तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"फोटो चांगला आहे, पण मार डोक्याचा आहे. कधी कधी आत रक्त हळूहळू साचतं, दुसऱ्या दिवशी कळतं. उलटी झाली, डोकं वाढतं दुखायला लागलं, झोप आवरेना, बोलण्यात फरक पडला, तर लगेच आणायचं. अधूनमधून प्रश्न विचारत राहा. आणि बाकी सगळं विसरलात तरी एक लक्षात ठेवा. माणूस नेहमीसारखा आहे ना, एवढंच बघा. तुम्हाला जे दिसेल ते मला दिसणार नाही."

मास्तरीणबाई जीव मुठीत धरून घरी आल्या. दुकानामागच्या खोलीत मास्तरांना पलंगावर बसवलं, उशा लावल्या, आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. इथेच सगळा घोळ झाला.

"अहो, आज वार कोणता?"

"फेब्रुवारी."

"आपल्या लेकीचं नाव काय?"

"कुठली लेक? मी तर ब्रह्मचारी."

"डोकं दुखतंय का?"

"कुणाचं?"

एरवी हे ऐकून त्या 'पुरे हो' म्हणाल्या असत्या आणि कामाला लागल्या असत्या. आज प्रत्येक उत्तरानंतर त्या तोच प्रश्न फिरून विचारत होत्या. ही थट्टा, की आत रक्त साचतंय? दोन्हींचे शब्द तेच! त्या पुढे वाकून त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बघायच्या. चमकलं की जीव भांड्यात. पण खोलीत उजेड कमी, मास्तरांच्या पापण्या जड, आणि दर वेळी ते चमकलेलं दिसेलच याची काय खात्री? एकदा तर त्यांनी टॉर्च आणून डोळ्यात मारला. मास्तर म्हणाले, "चोरी नाही केली हो साहेब, सोडा मला." त्यांना हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी लेक कामावरून धावत आली. बापाचं प्लास्टर बघून ती पलंगापाशीच बसली. "बाबा, मी कोण ते सांगा."

"स्कूटरची कंपनी," मास्तर म्हणाले.

लेक भोकाड पसरून रडली. आणि मास्तरीणबाईंचा बांध फुटला. इतका वेळ गिळलेली भीती रागाच्या रूपाने बाहेर पडली, भीती तशीच बाहेर पडते.

"लाज वाटते का? पोरगी रडतेय! माझे हातपाय गळालेत सकाळपासून, दर वेळी विचारताना काळीज फाटतं माझं, आणि तुम्हाला थट्टा सुचते! आयुष्यभर ऐकून घेतलं मी. एकदा, फक्त एकदा माणसासारखं सरळ बोला! तेवढे उपकार करा माझ्यावर!"

मास्तरांनी मान वळवून बायकोकडे बघितलं.  मग उजव्या हाताने त्यांनी तिचा हात चाचपडून धरला आणि म्हणाले, "बरं सरकार. उद्यापासून सरळ. शपथ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाईंनी डोळे चोळत विचारलं, "वार कोणता?"

"शुक्रवार," मास्तर म्हणाले.

खरंच शुक्रवार होता. मास्तरीणबाईंना आधी पटेचना. "चहा घेता?"

"हो."

एरवी 'नको, नुसती चहापूड दे, चावून खातो' असलं काहीतरी ऐकायला मिळालं असतं. "डोकं दुखतंय का?"

"थोडं."

"मनगट?"

"ते पण."

काय सांगू तुम्हाला, त्या बाईला किती बरं वाटलं! नवऱ्याने शब्द पाळला होता. आपल्या रडण्याची, आपल्या भीतीची त्याला दया आली होती. त्यांनी लेकीला फोन लावला, "अगं, बाबा शहाणे झालेत बघ! विचारलं की धडाधड बरोबर उत्तरं देतायत. तू जा कामावर, काळजी करू नकोस." लेकीनेही सुस्कारा सोडला. मास्तरीणबाईंनी दुकान उघडलं, मास्तरांना बाहेरच्या खुर्चीत बसवलं, आणि कालची अर्धी राहिलेली चेन हातात घेतली. मधूनमधून विचारत होत्या. लेकीचं नाव, गल्लीचं नाव, मशीनमध्ये धागा कुठल्या रंगाचा आहे. सगळं बरोबर. थोडं सावकाश, पण बरोबर. कितीतरी दिवसांनी त्या मशीनवर गुणगुणत होत्या.

दुपारी वकीलसाहेब आले. पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा, मनाने चांगला माणूस. कोट घ्यायला आले होते आणि सोबत एक पँट आणली होती, कंबर सैल करायला. मास्तरांचं हे सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक. साहेबांनी 'कधी मिळेल' विचारायचं आणि मास्तरांनी 'तुमच्याच कोर्टातली पद्धत, साहेब, पुढची तारीख घ्या' म्हणायचं, हा दोघांचा कायमचा खेळ.

"अरेरे, मास्तर, माझ्या कोटापायी हे काय करून घेतलंत!" साहेब हळहळले. मग नेहमीच्या सुरात म्हणाले, "बोला, पँट कधी मिळेल?"

"उद्या संध्याकाळी," मास्तर म्हणाले.

साहेब वाट बघत उभे. पुढे काहीच आलं नाही. साहेब खदखदून हसले. "वा! इतक्या वर्षांत पहिलं सरळ उत्तर! मास्तरीणबाई, पडल्याचा फायदाच झाला म्हणायचा!"

मास्तरीणबाईही हसल्या. निम्म्या हसल्या, आणि हसू तिथेच थांबलं. मशीनवरचा पायही थांबला.

शपथ बायकोपाशी घेतली होती. साहेबांपाशी नव्हे.

साहेबांसमोर सरळ बोलायचं मास्तरांना काय कारण? बायकोची दया येऊन तिच्याशी नीट बोलतील, एक वेळ समजू. पण साहेब दारात दिसले की या माणसाला शिंक येते तशी थट्टा यायची, ती कुठे गेली? मास्तरीणबाई उठल्या.  त्यांनी ती पँट उचलून मास्तरांसमोर धरली.

"अहो, ही बसेल का हो साहेबांच्या पोटावर?"

एवढं आयतं ताट! तान्ह्या पोरानेसुद्धा यावर काहीतरी थट्टा केली असती.

"बसेल," मास्तर म्हणाले.

त्या खाली बसल्या, त्यांच्या गुडघ्यांना धरून. डोळ्यांच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे काही नव्हतं. "अहो, मला हाक मारा बघू. सकाळपासून मारली नाहीत. सरकार म्हणा."

"काय?"

"सरकार म्हणा ना मला."

"सरकार," मास्तर म्हणाले. सांगितलं म्हणून म्हणाले.

"साहेब, गाडी काढा!" मास्तरीणबाई किंचाळल्या. साहेब गडबडून म्हणाले, "अहो पण ते तर नीट..." "नीटच बोलतायत हो! नीटच! गाडी काढा तुम्ही!"

गाडीत मास्तरांचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं. त्या त्यांना चिमटे काढत होत्या, गालावर थापट्या मारत होत्या, बोलत होत्या. एक सबंध सकाळ! सकाळभर तो माणूस आतून विझत चालला होता आणि आपण शहाणे झाले म्हणून लेकीला फोन केला. मीच मागितलं हे. सरळ बोला म्हणाले, घे आता सरळ. सिग्नल लागला तसे साहेब हॉर्नवर हात ठेवून बसले, आणि मास्तरीणबाई नवऱ्याच्या कानात पुटपुटत होत्या, "फेब्रुवारी म्हणा. अहो, एकदा फेब्रुवारी म्हणा."

दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरने प्रश्न विचारले. मास्तर पेंगत होते, पण उत्तरं दिली. नाव सांगितलं. शुक्रवार सांगितला. तो म्हणाला, "उत्तरं तर सगळी बरोबर आहेत, बाई."

"तेच तर! तेच तर सांगतेय मी!"

त्यांचा आवाज ऐकून पलीकडच्या पडद्यामागून कालच्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरीणबाईंकडे पाहिलं. "काय म्हणाले ते? शुक्रवार?"

"शुक्रवार म्हणाले हो, डॉक्टर," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

डॉक्टरबाईंनी पुढे काही विचारलं नाही. हातातलं काम टाकून त्यांनी स्वतःच स्ट्रेचर ढकलायला घेतलं. थोड्या वेळाने त्या परत आल्या तेव्हा चेहरा गंभीर होता. आत रक्त साचलं होतं, मेंदूवर दाब येत होता, लगेच डोकं उघडायला हवं होतं. "वेळेत आणलंत," एवढं म्हणून त्या धावत गेल्या. वेळेत म्हणजे किती वेळेत, हे विचारायचं मास्तरीणबाईंना धाडस झालं नाही.

बाहेरच्या बाकावर मास्तरीणबाईंना थंडी वाजत होती.  साहेबांनी हातावरचा तो काळा कोट त्यांच्या खांद्यांवर टाकला. कुठला कोट ते लक्षात आल्यावर त्यांना वाटलं, फाडून चिंध्या कराव्यात. पण त्याचं अस्तर मास्तरांनी हाताने घातलं होतं, बारीक, एकसारख्या टाक्यांचं. त्या कडेवरून बोट फिरवत बसल्या.

लेक आली, शेजारी टेकली. "मीच आणली ना ती स्कूटर, आई."

"आणि हेल्मेटमध्ये गुंड्या मी भरल्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.  समोरचं दार उघडलं की दोघी उभ्या राहायच्या आणि दुसऱ्याच कुणाचं नाव ऐकून पुन्हा खाली बसायच्या.

मास्तर वाचले. डोकं भादरलेलं, त्यावर पांढरं मुंडासं बांधल्यासारखी पट्टी, डोळे खोल गेलेले, पण वाचले. काही दिवसांनी नळ्या निघाल्या आणि डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून पलंगाशेजारी परीक्षा घेतली. नाव? बरोबर. ही कोण? बायको. लेकीचं नाव? बरोबर. आज वार कोणता?

"मंगळवार."

"छान! एकदम छान," डॉक्टरबाई खूश झाल्या आणि शेजारच्या रोग्याकडे वळल्या.

मास्तरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं बरोबर! डोळ्याच्या कोपऱ्यात त्या कितीदा वाकून बघत होत्या, तिथे नुसता थकवा होता. माणूस हाती लागला, त्यातले उलटेमास्तर मात्र ऑपरेशनच्या टेबलावरच राहिले की काय? यापुढे हा माणूस दुकानात बसणार, उद्या संध्याकाळी म्हणणार, आणि उद्या संध्याकाळी पँट देणार. जन्मभर ज्या बोलण्याला 'पुरे हो' म्हटलं, ते खरंच पुरे झालं होतं. देवाने इतकं मन लावून ऐकायची काय गरज होती?

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. असलं काही त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, कसं करतात तेही माहीत नव्हतं. चेहरा गंभीर ठेवायचा असतो, एवढं बघून ठाऊक होतं. त्यांनी पदराने नाक पुसलं, चेहरा गंभीर केला, आणि कापऱ्या आवाजात म्हणाल्या,

"मंगळवार कसला? आज फेब्रुवारी आहे."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. कितीतरी वेळ. ओठ हलले, थांबले. पुन्हा हलले. सुकलेल्या तोंडातून शब्द एकेक करून आले.

"फेब्रुवारी... काल होता, सरकार."

मास्तरीणबाईंनी तोंडावर पदर दाबला, पण हुंदका बाहेर पडायचा तो पडलाच. डॉक्टरबाई दचकून मागे वळल्या. "काय झालं? काय म्हणाले ते?"

"काही नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बरोबर सांगितलं त्यांनी."